आखाजीच्या बैठकीआधी : मजुरीचे दर ठरवणाऱ्या शेतकरी मंडळींना खुले पत्र

प्रति,
गावोगावच्या पारावर मजुरीचे दर ठरवायला बसणारी शेतकरी मंडळी,
चोपडा, यावल, रावेर, शिरपूर, शहादा आणि उरलेला सगळा खान्देश.

दादा, भाऊ, आबा, नाना, अप्पा, सगळ्यांना रामराम.

आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, तोंडावर आली आहे. लेकीबाळी माहेरी येतील, झोके बांधले जातील, वर्षाच्या बोलीवर राबणाऱ्या सालदारांची सालं फिरतील. त्याच आठवड्यात पारावर बैठक बसेल आणि दरवर्षीसारखे यंदाही दोन दर ठरतील, गड्याचा एक आणि बाईचा एक. आमच्या शिवारात गेल्या साली गड्याला चारशे आणि बाईला अडीचशे ठरले होते. जो जास्त देईल त्याला दंड, हेही ठरलं होतं. पाऊस पडला, तण उठलं, आणि महिन्याभरात त्याच पारावर त्याच मंडळींचं गाऱ्हाणं सुरू झालं : बायाच मिळत नाहीत, लाडक्या बहिणीने बाया आळशी करून ठेवल्या, आता शेती करायची कशी?

मी चोपडा तालुक्यातली शेतकरी. सातबारा माझ्या नावावर आहे. केळी करते, कपाशी करते. मजूर मलाही लागतात आणि निंदणीच्या दिवसांत बायांची रिक्षा आली नाही की माझाही जीव खालीवर होतो. तेव्हा हे पत्र कुण्या संघटनेने तुमच्यावर काढलेलं नाही. तुमच्यासारखीच मजुरांची वाट बघणारी एक बाई तुम्हाला लिहिते आहे. बाया कामाला नाही म्हणत नाहीत, तुमच्या दराला नाही म्हणतात, एवढंच मला सांगायचं आहे. पण ते नीट गळी उतरावं म्हणून जरा लांबण लावते.

आधी आपलंच बघू. २०२१-२२ च्या हंगामात कापसाने क्विंटलला दहा हजारांचा आकडा ओलांडला. पुढच्या साली भाव खाली आला. तेव्हा आपण काय केलं? कापूस घरात भरला. ओसरीत, माडीवर, काहींनी तर झोपायच्या खोलीत. अंगाला खाज सुटली, पोरं खाजवून खाजवून रडकुंडीला आली, तरी व्यापाऱ्याला हात लावू दिला नाही. तेव्हा आपल्याला कोणी आळशी म्हटलं नाही. शेतकऱ्याने भावासाठी माल रोखला, असंच सगळे म्हणाले, आणि ते बरोबरच होतं. बाई घरी बसते तेव्हा ती वेगळं काही करत नाही. तिच्याकडे विकायला दोन हात आहेत, आणि सांगितलेल्या भावात ते तिला विकायचे नाहीत. उलट तिची अडचण आपल्यापेक्षा मोठी आहे. कापूस मार्च-एप्रिलपर्यंत ठेवता येतो. आजचा बुडालेला रोज उद्या विकता येत नाही. तरीही ती थांबते, म्हणजे भाव तिला किती लागला असेल ते बघा.

आता लाडक्या बहिणीचा हिशोब. जुलै २०२४ पासून महिन्याला दीड हजार, म्हणजे दिवसाला पन्नास रुपये. पन्नास रुपये मिळतात म्हणून बाई अडीचशेचा रोज सोडते, असं तुमचं म्हणणं. हे गणित पहिलीतल्या पोरालाही पटणार नाही. खरं काय झालं ते मला बायांशी बोलून कळलं. पूर्वी किराणा दुकानाची उधारी डोक्यावर असायची, दुकानदार सोमवारी दारात उभा राहायचा, त्यामुळे जो रोज मिळेल तो घ्यावाच लागायचा. आता महिन्याच्या तेल-मिठापुरती सोय झाली. दोन दिवस थांबता येतं. "माले परवडत नही, भाऊ" असं तोंडावर म्हणता येतं. योजना चांगली की वाईट, तिजोरीला झेपते की नाही, यावर तुमचं-माझं एकमत होणार नाही, आणि इथे त्याची गरजही नाही. पण आळस त्या पन्नास रुपयांत येत नाही. पन्नास रुपयांत नाही म्हणण्याची सोय आली, आणि आपल्याला खुपतंय ते हेच.

बाईच्या अंगात कामच उरलं नाही, असं ज्यांना वाटतं त्यांनी दसऱ्यानंतर कपाशीच्या वावरात येऊन उभं राहावं. वेचणी किलोवर असते. किलोला दहा, कुठे बारा. पहिल्या-दुसऱ्या वेचणीला बोंडं भरगच्च फुटलेली असतात, तेव्हा चांगल्या हाताची बाई दिवसाला चाळीस-पन्नास किलो सहज काढते. म्हणजे चारशे-पाचशे रुपये. त्या दिवसांत हीच 'आळशी' बाई उजाडायच्या आत कमरेला फडकं बांधून सरीत असते. दव असतं, पदर ओला होतो, बोंडाच्या टोकांनी नखांच्या कडा फाटतात. दुपारची भाकर उभ्यानेच खाते, कारण बसलं की किलो कमी होतात. तिला कोणी हाक मारावी लागत नाही, मागे मुकादम लागत नाही. शाळा बुडवून पोरीही येतात, हे मात्र मला आवडत नाही. आणि संध्याकाळी काट्यावर ओलीच्या नावाने किलो-दोन किलो कापून घेणारे आपल्यातच आहेत, त्यांच्या वावरात दुसऱ्या वेचणीला बाया का येत नाहीत हे त्यांनी त्या काट्यालाच विचारावं.

वेचणीत आणखी एक गोष्ट बघण्यासारखी आहे. तिथे बाईचा दर आणि गड्याचा दर असं काही नसतं. किलो तो किलो. आणि तिथे गडी फिरकत नाहीत, कारण त्यांची बोटं तेवढी चालत नाहीत आणि संध्याकाळी शेजारच्या बाईपेक्षा कमी पैसे घेऊन घरी जायचं जिवावर येतं. ज्या कामात बाईचा हात उजवा, तिथे आपण मुकाट्याने मापाने पैसे देतो. ज्या कामात माप घेता येत नाही, तिथे मात्र लुगडं की पँट एवढंच बघतो.

निंदणीत हेच महाग पडतं. दहा बाया एका पातीत बसल्या की पूर्ण ओळ सगळ्यात हळू हाताच्या वेगाने सरकते. कोणी एकीने हात उचलला तर दुसरी हळूच म्हणते, "तुले काय बक्षीस भेटनार शे का?" विळा वरवर फिरतो, पान तुटतं, मूळ जमिनीत राहतं. पाचच्या सुमारास वावर स्वच्छ दिसतं आणि मालक खूष होऊन घरी जातो. मग एक पाऊस पडतो आणि आठ-दहा दिवसांत तण पुन्हा डोकं काढतं. दहा बायांमागे पन्नास-पन्नास रुपये वाचवले, म्हणजे पाचशे. दुसऱ्या निंदणीला गेले अडीच हजार, वर कपाशीची वाढ खुंटली ती वेगळीच. बाया हे ठरवून करतात असं मी म्हणत नाही. पण जिथे कामाची किंमतच धरली जात नाही तिथे हात आपोआप मागे राहतो, मग ती बाई असो, गडी असो, नाहीतर तालुक्याच्या कचेरीतला कारकून.

माझ्या शेजारच्या केळीच्या बागेत झालेली गोष्ट सांगते. पावसाळ्यात खत टाकायचं काम होतं. खोडाभोवती आळं करायचं, मापाने खत टाकायचं, मातीने झाकायचं, पुढच्या खोडाकडे जायचं. या कामात जड-हलकं काही नाही. सगळे सारखेच वाकतात. एक चाळिशीची बाई होती, वीस वर्षं केळीत काम केलेली. कुठल्या झाडाला मर लागली आहे, कुठलं पील ठेवायचं आणि कुठलं कापायचं, हे मालकापेक्षा तिला जास्त कळतं. त्याच दिवशी एक अठरा वर्षांचा पोरगा पहिल्यांदाच कामाला आला होता. तो खत खोडाला चिकटून टाकत होता. बाईने दोनदा हात धरून दाखवलं, एवढं अंतर ठेव, नाहीतर मूळ जळतं. संध्याकाळी पैसे वाटले. पोराच्या हातावर चारशे, बाईच्या हातावर अडीचशे. ती काही बोलली नाही. नोटा मोजल्या, कनवटीला लावल्या आणि रिक्षात जाऊन बसली. दुसऱ्या दिवशी ती आली नाही, तिच्यासोबतच्या पाचही जणी आल्या नाहीत. मालक म्हणाला, बाई माजली.

ती मला बाजारात भेटली तेव्हा मी विचारलं. म्हणाली, "ताई, पैसा कमी म्हनीसन नही. त्या पोऱ्याले मीच शिकाडं."

मंडळी, यात सगळं आलं. अडीचशे सगळ्यांनाच असते तर ती कदाचित कुरकुरत का होईना आली असती. गरिबीशी तिची जुनी ओळख आहे. आपण ज्याला शिकवलं तो दीडशे रुपयांनी मोठा निघाला, हे तिला सोसलं नाही. कुणालाही सोसणार नाही. आपल्या कापसाला आठ हजार आणि बांधापलीकडच्या तशाच कापसाला नऊ हजार मिळाले तर आपल्याला रात्री झोप लागत नाही, मग ती कुठल्या मातीची आहे?

"गड्याचं काम जड असतं" हे उत्तर येणार, मला माहीत आहे. मान्य आहे. पाठीवर भरलेला पंप घेऊन फवारणी करणं, घड कापून खांद्यावर बांधापर्यंत आणणं, ही जड कामं आहेत आणि त्यांना जास्त पैसे द्यायलाच हवेत. कामाला द्या. जो करेल त्याला द्या. पण चारशेचा दर तुम्ही फवारणीला लावत नाही, गड्याला लावता. तोच गडी दुसऱ्या दिवशी ठिबकच्या नळ्या गोळा करतो, बांधावर बसून बायांवर लक्ष ठेवतो, तेव्हाही त्याचे चारशेच असतात. आणि निंदणी हलकी कुणी ठरवली? चाळीसच्या वर पारा असताना आठ तास उकिडवं बसून पुढे सरकायचं, एकदा करून बघा. मेच्या उन्हात आपल्याकडे पंचेचाळीसच्या पुढे जातं, तेव्हा गडी झाडाखाली येतात आणि बाया पात पूर्ण करून उठतात, हे मी रोज बघते.

पुढे घर. सकाळी सातला रिक्षात बसायचं तर बाई चारला उठते. पाणी, सैपाक, पोरांचे डबे, म्हातारीचं औषध, शेण. संध्याकाळी परत तेच. केंद्र सरकारने २०२४ मध्ये लोक दिवसाचा वेळ कसा घालवतात याची पाहणी केली. घरकाम करणाऱ्या बायांची दिवसाची सरासरी २८९ मिनिटं त्यात जातात, पुरुषांची ८८. जवळजवळ पाच तास आधीच फुकट राबून ती तुमच्या वावरात येते. अडीचशेत तिला त्या दुसऱ्या पाळीचेही पैसे वसूल करायचे असतात, अंगदुखीच्या गोळ्याही त्यातूनच घ्यायच्या असतात. वावरात आडोसा नाही, म्हणून अनेक जणी दिवसभर पाणीच पीत नाहीत. ही गोष्ट पारावर कुणी काढत नाही. काढायला बाईच नसते तिथे.

आणि बाया कामच करत नाहीत, हे तर आकड्यांतही बसत नाही. सरकारच्या श्रमशक्ती पाहणीत पंधरा वर्षांवरच्या ग्रामीण बायांपैकी २०१७-१८ मध्ये २४.६ टक्के कामात किंवा कामाच्या शोधात होत्या. २०२३-२४ मध्ये हा आकडा ४७.६ टक्क्यांवर गेला. म्हणजे बाया वाढल्या, फक्त तुमच्या रिक्षात दिसत नाहीत. वाढ मुख्यतः स्वतःच्या कामात आणि घरच्या शेतीत बिनपगारी हात लावण्यात झाली आहे. शेळ्या घेतल्या, बचत गटातून शिलाई मशीन घेतलं, पापड-कुरडया लाटल्या, नाहीतर घरच्या दोन एकरांत राबल्या. त्यातही हाती फार पडत नाही. पण तिथे निदान शेजारचा पोरगा तिच्यापेक्षा दीडशे जास्त घेऊन जात नाही.

सालदाराचं तर बोलायलाच नको. साल आता लाखाच्या वर गेलं, वर धान्य, कपडे, असं तुम्ही हात उडवून सांगता. साल ठरतं ते गड्याचं. पण बोलणी करताना पहिला प्रश्न असतो, लग्न झालंय ना? कारण गोठा कोण झाडणार, शेण कोण उचलणार, पाहुणे आले की भांडी कोण घासणार, ते आधीच धरलेलं असतं. दोन माणसं घ्यायची, साल एकाचं द्यायचं. नंदुरबारकडून दरवर्षी गुजरातच्या साखर कारखान्यांवर ऊसतोडीला जाणाऱ्यांची तीच कथा. नवरा-बायको मिळून एक कोयता. उचल त्याच्या हाती, हिशोब त्याच्या नावाने. ऊस तोही तोडतो, तीही तोडते, मोळी तिच्या डोक्यावर चढते, आणि वहीत ती कुठेच नाही. अशा बाईला 'तुझी कामाची इच्छा आहे का' असं विचारायची पाळीच आजवर आली नाही. तिचं काम नवऱ्याच्या सालात नाहीतर कोयत्यात मुरून गेलेलं.

नंदुरबारच्या मिरचीच्या पथारींवर देठं खुडणाऱ्या बाया, जळगावच्या डाळ मिलांमध्ये निवडायला बसणाऱ्या बाया, सगळीकडे हेच मापटं. फार लिहीत नाही, तुम्ही त्या वाटेने जाता-येता बघता. एक मात्र सांगते. माझ्या नात्यातल्या एका मुलीने विज्ञानात पदवी घेतली आणि एका पॅकिंगच्या कारखान्यात नोकरी धरली. चार महिन्यांनी तिच्याच वर्गातला, तिच्यापेक्षा कमी मार्कांचा मुलगा तिथे लागला. त्याचा पगार तीन हजारांनी जास्त. विचारलं तर उत्तर मिळालं, त्याला घर चालवायचंय, तुझं काय, उद्या लग्न होईल. तिने नोकरी सोडली. आता घरात सगळे म्हणतात, पोरीला नोकरीची आवडच नव्हती. घरी तिचं लग्न जमवायची गडबड चालू आहे. पाहणीवाला आला तर तो वहीत लिहून नेईल की ही काम शोधत नाही, आणि मग शहरातली शहाणी माणसं चर्चा करतील की आपल्या मुली शिकून घरी का बसतात.

आपल्या खान्देशाला हे नवीन नाही, म्हणून जास्त वाईट वाटतं. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला शहादा-तळोदा भागात आदिवासी नेते अंबरसिंग महाराज आणि श्रमिक संघटनेबरोबर आदिवासी सालदार, शेतमजूर रोजासाठी आणि जमिनीसाठी उभे राहिले. त्यात बाया मागे नव्हत्या. नवऱ्याचा रोज दारूत जातो म्हणून गावोगाव जाऊन दारूची मडकी त्यांनीच फोडली. तेव्हाही पाटील-गुजर मंडळी म्हणाली होती, मजूर माजले. पन्नास वर्षं झाली, शब्द तोच आहे, फक्त आता तो बाईला लागतो. त्याच काळात, १९७२ च्या दुष्काळात, राज्याने दुष्काळी कामं काढली. तिथे मापावर मजुरी होती, खड्ड्याचं माप घेणारा खड्डा कुणी खणला ते विचारत नव्हता. बायांची रांग तिथे किती मोठी होती हे आपल्या आयांना विचारा. कामाची इच्छा नव्हती म्हणून नव्हे, तर माप सारखं होतं म्हणून त्या मैलोन्‌मैल चालत गेल्या.

कायद्याचं मी शेवटी काढते, कारण कायदा काढला की तुम्ही उठून जाता. घटनेच्या ३९ (घ) कलमात समान कामाला समान वेतन आहे. १९७५ साली समान वेतनाचा वटहुकूम निघाला, १९७६ ला कायदा झाला. त्यातली तरतूद आता २०१९ च्या वेतन संहितेत आली आहे. एकाच किंवा सारख्या कामासाठी बाई म्हणून कमी देता येत नाही. तो वटहुकूम निघाला त्याच वर्षी, २४ ऑक्टोबर १९७५ ला, तिकडे आइसलँडमध्ये दहापैकी नऊ बायांनी एक दिवस घरचं-दारचं सगळं काम बंद ठेवलं होतं. बँका अडल्या, शाळा अडल्या, बाप्यांना पोरं घेऊन कचेरीत जावं लागलं. कोणी त्यांना आळशी म्हटलं नाही, पुढच्याच वर्षी तिथे समानतेचा कायदा झाला. आमच्याकडे कायदा आधी आला, बाया मात्र अजून एकेकट्या घरी बसतात, म्हणून तुम्हाला तो संप वाटत नाही.

आणि जास्त देईल त्याला दंड, हा ठराव तर कुठल्याच कायद्यात बसत नाही. २०२५-२६ साली राज्यात रोजगार हमीचा दर ३१२ रुपये होता, बाईला आणि गड्याला एकच. आपण अडीचशेवर अडून बसतो आणि वर दंड लावतो. मागच्या हंगामात मी केळीच्या खताला दोघांना एकच दर दिला तेव्हा माझ्याकडेही निरोप आला होता, ताई, तुम्ही दर बिघडवता. दंड मी भरला नाही. मागायलाही कोणी आलं नाही, कारण लेखी मागायची कुणाची तयारी नव्हती.

तुमची बाजू मला कळत नाही असं नाही, मी तिथेच उभी आहे. २०२५-२६ ला लांब धाग्याच्या कापसाला हमीभाव ८,११० होता. त्यातले हजार-बाराशे नुसते वेचणीला जातात. केळीचा भाव बऱ्हाणपूरला ठरतो आणि आपण फोनवर ऐकतो. एक वादळ आलं की उभी बाग आडवी. करपा आला, सीएमव्हीचा विषाणू आला, उपटून फेका. जळगावच्या केळीला २०१६ ला भौगोलिक मानांकन मिळालं, त्याचे हार-तुरे झाले, पण बांधावरच्या भावात ते शोधावं लागतं. या सगळ्यात आपल्या हाती असलेला एकच दर म्हणजे मजुरी, म्हणून सगळे तिच्यावरच हात चालवतात. व्यापाऱ्याला बोलता येत नाही, सरकारला बोलून उपयोग नाही, मग उरते बाई. पण त्यातून वाचतं काय ते तरी बघा. गावातल्या बायांना शंभर रुपये वाढवून द्यायला नको म्हणून मध्य प्रदेशातल्या बडवानी-खरगोनकडच्या टोळ्या आणता. गाडीचं भाडं तुमचं, राहायची सोय तुमची, जळण तुमचं, मध्यस्थाचे पैसे वेगळे. टोळी एक दिवस रात्रीतून निघून गेली की उचलही बुडते. एवढ्या पैशात गावच्या बाया हसत आल्या असत्या. पण तो खर्च 'दर' म्हणून दिसत नाही, म्हणून बैठकीला चालतो.

माझं मागणं फार मोठं नाही. बाईचा दर आणि गड्याचा दर हे दोन रकाने यंदा वहीतून काढा. त्याजागी कामं लिहा. निंदणी एवढे, खत एवढे, फवारणी एवढे, घडाची वाहतूक एवढे. जो करेल त्याचे. सगळ्यांना एकदम चारशे परवडत नसतील तर कमी ठरवा, पण सारखे ठरवा. मला नाही वाटत त्याने तुमचा एकूण खर्च फार वाढेल, कारण वरवरची निंदणी दोनदा करायचा खर्च वाचेल. पैसे जिने काम केलं तिच्या हातात, नवऱ्याच्या किंवा मुकादमाच्या नव्हे. सालदाराच्या बायकोचं काम सालाबाहेर मोजा, नाहीतर तिच्याकडून घेऊ नका. काट्यावर कापायचं असेल तर ओल मोजून कापा. वावराच्या कोपऱ्यात चार काठ्या आणि जुनं शेडनेट लावून आडोसा करा. आणि दंडाचा ठराव मागे घ्या. ज्याला जास्त द्यायचे त्याला देऊ द्या, त्याची बाग वेळेवर निंदली गेली की बाकीच्यांना आपोआप कळेल.

आमच्या गावची बैठक मारुतीच्या पारावर रात्री नऊला असते. त्या वेळेला बाया भांडी घासत असतात. यंदा ती दुपारी चारला ग्रामपंचायतीत ठेवा. निंदणीच्या दोन-तीन टोळ्यांच्या म्होरक्या बाया यायला तयार आहेत, मी विचारून ठेवलं आहे. त्यांच्या त्या दिवसाच्या अर्ध्या रोजाचं काय करायचं तेही बैठकीत ठरवू. माझ्या घरी निरोप पाठवाल तर या वेळी मुलाच्या फोनवर नको, माझ्या फोनवर पाठवा. वावर माझ्या नावावर आहे.

आपली,
चोपडा तालुक्यातली एक शेतकरी